डावा खांदा

दादाचा पोस्टमॉर्टेम रिपोर्ट मला पहिल्यांदा व्हॉट्सअॅपवर मिळाला. काकांनी पोलीस स्टेशनातून आणलेल्या झेरॉक्सचे फोटो काढून पाठवले होते. सगळी पानं तिरपी, एकावर त्यांच्याच हाताची सावली. खाली मेसेज, "वकील म्हणाले दाव्याला लागेल. तुला काय समजतंय का बघ."

घरातला पहिला इंजिनिअर असल्यामुळे इंग्रजीतला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. बँकेची नोटीस, ठिबकच्या सबसिडीचा फॉर्म, आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी. मी कॉम्प्युटर शाखेचा आहे याने कुणाला फरक पडत नाही. हा कागदही माझ्याकडेच येणार होता.

हिंजवडीतल्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये बसून, झूम करून करून तो वाचला. सतराव्या रकान्यात अंगावरच्या जखमा लिहितात. तिथे तीनच ओळी होत्या. डाव्या कोपरावर खरचटलंय, डाव्या गुडघ्यावर खरचटलंय, डाव्या बरगड्यांच्या खालच्या कडेला ३ बाय २ सेंटीमीटरचा खरचटल्याचा डाग आहे. बाहेरून एवढंच. कवटी शाबूत, मेंदू शाबूत, बरगड्या शाबूत. मग पोटाचा रकाना आला आणि अक्षर बारीक होत गेलं, कारण छापील फॉर्ममध्ये जागा कमी होती आणि लिहायचं जास्त होतं. पोटाच्या पोकळीत सुमारे दोन लीटर रक्त आणि गुठळ्या. प्लीहेला, रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात त्या बाजूला, ५ सेंटीमीटरची चीर. प्लीहेचं वजन १६० ग्रॅम. मृत्यूचं कारण, प्लीहा फुटून झालेल्या रक्तस्रावाचा शॉक.

प्लीहा नेमकी कुठे असते हे मला तोवर माहीत नव्हतं. बारावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं.

दादा माझ्या काकांचा मुलगा. एका घरात, एका ताटात वाढलो, त्यामुळे 'चुलत' हा शब्द आमच्याकडे फक्त फॉर्म भरताना वापरतात. मला आठ वर्षांनी मोठा. ठिबकच्या सामानाचं त्याचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी जुलैतल्या एका शनिवारी तो दुकान बंद करून नारायणगावहून घरी येत होता. टोमॅटोचा सीझन. त्या दिवसांत आमच्याकडच्या रस्त्यांवर संध्याकाळी क्रेट भरलेल्या पिकअप गाड्यांची नुसती शर्यत लागलेली असते. एका वळणावर अशाच एका पिकअपने ओव्हरटेक करताना त्याला कट मारला. मोटारसायकल साइडपट्टीवरून खाली उतरली, हँडल गर्रकन फिरलं आणि त्याचं टोक दादाच्या डाव्या कुशीत बसलं. पिकअपवाला थांबला होता. पोरगेलाच होता, घाबरला होता. दादानेच त्याला "हळू चालव रे बाबा" म्हणून जाऊ दिलं. मागून येणाऱ्या आमच्या गावच्या दूधवाल्याने गाडीचा नंबर बघून ठेवला, म्हणून पुढे दावा तरी करता आला.

दादाने स्वतः गाडी उचलली, स्टार्टर मारला आणि सात वाजता घरी आला. पायरीवर बसून बूट काढले. मी शनिवार-रविवारसाठी गावी आलो होतो. हेल्मेटला डावीकडे मोठा ओरखडा होता आणि ते हेल्मेट मी पहिल्या पगारातून घेऊन दिलेलं होतं. "हेल्मेट होतं म्हणून वाचला," असं काका म्हणाले, मग काकू म्हणाली, मग शेजारून बघायला आलेले दोघंतिघं म्हणाले. प्रत्येक वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या संध्याकाळी चार-साडेचार तास दादाचा जीव वाचवणारा माणूस होतो. हे लिहायला लाज वाटते, पण छान वाटलं होतं.

त्याने चहा घेतला. जेवायला नको म्हणाला, वरणभात चिवडून उठला. साडेआठच्या सुमाराला म्हणाला, "डावा खांदा धरलाय रे."

"पडलास त्या बाजूवर. मुका मार आहे."

"खांद्यावर नाय पडलो. कोपरावर पडलो."

हे वाक्य मला जसंच्या तसं आठवतं. तेव्हा मी त्याच्याशी वाद घातला नाही आणि त्यावर विचारही केला नाही. वहिनींनी कपाटातून बामची डबी काढून दिली. मी पंधरा-वीस मिनिटं त्याचा खांदा चोळला. तो म्हणाला, उताणं झालं की जास्त दुखतंय, बसलं की बरं वाटतंय. म्हणून आम्ही त्याच्या पाठीला उशा लावल्या. त्याने पाणी मागितलं. परत मागितलं. मी म्हटलं, "उन्हाळ्यात एवढं पीत नाहीस." तो हसला. लेकीने त्याच्या कोपराला कार्टूनवाली बँडेड लावली. साडेअकराला वहिनींनी दार वाजवलं. दादा मोरीच्या दाराशी बसला होता, अंग गार, कपाळावर घाम, आणि "काय नाय, जरा गरगरलं" असं म्हणत होता. जवळच्या दवाखान्यात नाडी बघताच डॉक्टरांनी सलाइन लावलं आणि मोठ्या ठिकाणी न्यायला सांगितलं. रस्त्यात, एकच्या आसपास, तो गेला.

रिपोर्ट आल्यावर मी जे केलं ते आमच्या धंद्यातली माणसं करतात तेच. रात्री-रात्री बसून वाचलं. सर्व्हर पडला की लॉग वाचतो तसं. काय झालं हे कळल्यावर ते निस्तरता येईल, ही सवय हाताला लागलेली असते. इथे निस्तरायचं काहीच नव्हतं, तरी हात थांबत नव्हते.

प्लीहा डाव्या बाजूला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, पडद्याच्या म्हणजे डायफ्रॅमच्या खाली लपलेली असते. मुठीएवढी. वजन साधारण दीडशे ग्रॅम. हृदयातून दर मिनिटाला जेवढं रक्त बाहेर पडतं त्याचा साधारण विसावा हिस्सा या एवढ्याशा अवयवातून जातो. म्हाताऱ्या झालेल्या लाल पेशी गाळून काढायच्या, रक्तातले जंतू पकडायचे, ही तिची कामं. आतून ती रक्ताने भिजलेल्या स्पंजसारखी असते आणि वरचं आवरण पातळ. पोटाला बोथट मार लागला, म्हणजे काही घुसलं नाही, नुसता धक्का बसला, तर सगळ्यात जास्त वेळा इजा होणाऱ्या अवयवांत यकृताच्या जोडीने हिचं नाव येतं. मोटारसायकलचं हँडल, गाडीचं स्टिअरिंग, बैलाचं शिंग, लाथ. बाहेर खरचटलेलं असतं, कधी तेवढंही नसतं.

आणि ती नेहमी एकदम फुटते असंही नाही. कधी आवरणाच्या आत रक्त साचत राहतं, कधी गुठळी चिरेवर झाकणासारखी बसते आणि काही तास, क्वचित काही दिवस, सगळं ठीक दिसतं. त्यात माणूस तरुण असला की त्याचं शरीर फसवतं. माझा एक शाळेतला मित्र सरकारी हॉस्पिटलात सर्जरी शिकतो. त्याने सांगितलं की रक्त जायला लागलं की तरुण शरीर हातापायांच्या शिरा आवळून घेतं, नाडी वाढवतं आणि रक्तदाब धरून ठेवतं. अंगातलं जवळजवळ तीस टक्के रक्त, म्हणजे दीड लीटरच्या आसपास, जाईपर्यंत बीपीचा आकडा बरा दिसू शकतो. त्याआधी दिसतं ते एवढंच, नाडी जलद, तहान, अस्वस्थपणा, गार पडत चाललेली बोटं. "म्हातारा हळूहळू खचतो, लवकर कळतं," तो म्हणाला, "तुझ्या भावाच्या वयाचे लोक शेवटपर्यंत बोलत असतात आणि मग कड्यावरून पडल्यासारखे जातात."

खांद्याबद्दल मी त्याला विचारलं नव्हतं. ते मला वाचताना सापडलं. पहाटे दोन-अडीचला, पिंपळे सौदागरच्या फ्लॅटमध्ये, रूममेट झोपलेला असताना. हान्स केर नावाचा जर्मन सर्जन होऊन गेला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांसाठी नाव कमावलेला. त्याच्या नावाने एक लक्षण ओळखलं जातं. डाव्या खांद्याच्या टोकाला दुखणं, खांद्याला काहीही लागलेलं नसताना. प्लीहेतून वाहिलेलं रक्त डायफ्रॅमच्या खाली जमतं आणि त्याला टोचायला लागतं. डायफ्रॅमची संवेदना वाहून नेणारी नस मानेतून निघते, कारण गर्भात हा पडदा आधी मानेजवळ तयार होतो आणि मग खाली सरकतो, येताना आपली नस बरोबर ओढत आणतो. खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेच्या त्याच मणक्यांपाशी पोचतात. मेंदूला पोटातून आलेली हाक खांद्यातून आल्यासारखी वाटते. माणूस उताणा झोपला की रक्त वर सरकतं आणि दुखणं वाढतं.

मी लॅपटॉप बंद केला. आमच्याकडे नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगतात, एरर जिथे दिसते तिथे बग असेलच असं नाही. मी स्वतः हे वाक्य दोन बॅचना सांगितलंय. आणि मी पंधरा-वीस मिनिटं एरर चोळत बसलो होतो, बाम लावून.

हे मी घरी कुणाला सांगितलं नाही.

पुढचं सगळं आजीमुळे झालं, म्हणजे आजीचा दोष काहीच नाही. दावा दाखल झाल्यावर विमा कंपनीचा एक माणूस चौकशीला घरी आला. नम्र होता, चप्पल बाहेर काढून आला, चहा घेतला. आजी ओटीवर बसलेली. तिला वाटलं हा नातवाबद्दल विचारायला आलाय तर नातवाबद्दल सांगावं. तिने त्याला दादाच्या लहानपणची गोष्ट सांगितली. दादा पाच वर्षांचा असताना त्याला थंडीतापाने धरलं होतं, महिनाभर एकाआड एक दिवस हुडहुडी भरायची. "पोराची पानथरी एवढी सुजली व्हती," आजीने हात करून दाखवला. "मी रोज पोट चाचपून बघायची. म्या वाचवला त्याला." त्या माणसाने हे टिपून घेतलं.

पाणथरी म्हणजे प्लीहा. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तो कशाचं नाव आहे याचा विचार कधी केला नव्हता. आजीच्या पोटावर डाव्या बरगडीखाली तीन गोल डाग आहेत, जुन्या चार आण्यांएवढे. तिच्या लहानपणी हिवतापाने पाणथरी वाढली की तापवलेल्या लोखंडाने डागायचे. मी आणि दादा लहान असताना त्या डागांना बोट लावून बघायचो, गुळगुळीत लागायचे. रिपोर्ट वाचल्यावर मी इंटरनेटवर ज्या अवयवाचे रंगीत नकाशे शोधत होतो, त्याची जागा आमच्या घरात सत्तर वर्षं डाग देऊन खूण केलेली होती. उपाय अघोरी, पण जागा बरोबर.

आणि आजी जे करायची, पोर उताणं झोपवून डाव्या बरगडीखाली बोटांनी चाचपायची, ते मलेरियाच्या शास्त्रातलं एक जुनं मोजमाप आहे. १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानात यमुनेच्या कालव्यांमुळे ताप वाढतो का हे तपासायला सरकारने समिती नेमली होती. तिच्यातल्या डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने गावोगावच्या लोकांच्या पाणथऱ्या चाचपून किती जणांच्या वाढल्यात याची मोजणी केली. डासाचा संबंध सिकंदराबादला रोनाल्ड रॉसला सापडायला अजून पन्नास वर्षं होती. पण कालव्याच्या काठी पाणथऱ्या मोठ्या, दूर गेलं की लहान, हे बोटांनी कळत होतं. पुढे 'स्प्लीन रेट' या नावाने लहान मुलांची पोटं अशी तपासून एखादा मुलूख किती मलेरियाग्रस्त आहे हे ठरवायची पद्धत रूढ झाली. मलेरियाने वाढलेली प्लीहा नेहमीच्या कित्येक पट होते, बरगडीखालून बाहेर येते, ताणली जाते. आणि अशी प्लीहा जरा धक्का लागला तरी फुटू शकते.

विमा कंपनीच्या वकिलांना हवं होतं ते नेमकं हेच शेवटचं वाक्य. त्यांच्या लेखी उत्तरात दोन मुद्दे होते. एक, मयताची प्लीहा पूर्वीच्या आजाराने कमकुवत होती, किरकोळ पडल्याने फुटली, सबब मृत्यू अपघाताने झाला असं म्हणता येत नाही. दोन, अपघातानंतर नातेवाइकांनी मयतास साडेचार तास कोणतेही उपचार दिले नाहीत, सबब मृत्यूस त्यांचा हलगर्जीपणा कारणीभूत आहे. आमचे वकील म्हणाले, हे नेहमीचंच आहे, कुठल्याही दाव्यात असं लिहितात, मनाला लावून घेऊ नका. काकांनी नाही घेतलं. मी ते पान आठवडाभर बॅगेत घेऊन फिरत होतो.

पहिला मुद्दा खोडायचा म्हणून मी पाणथरीच्या कोर्टकज्ज्यांबद्दल वाचायला लागलो आणि आग्र्याला पोचलो.

फुलर नावाचा एक इंग्रज वकील आग्र्यात राहायचा. रविवारी कुटुंबाबरोबर चर्चला निघाला असताना काटवारू नावाच्या त्याच्या घोडेवाल्याला यायला उशीर झाला. फुलरने त्याच्या तोंडात मारली, केस धरून ओढलं, तो खाली पडला. मंडळी गाडीत बसून चर्चला गेली. काटवारू उठला, शेजारच्या आवारात गेला आणि थोड्याच वेळात मेला. डॉक्टरने सांगितलं, प्लीहा फुटली. ती आजाराने इतकी वाढलेली होती की किरकोळ फटक्याने किंवा नुसतं पडल्यानेही फुटली असती. जॉइंट मॅजिस्ट्रेट लीड्सने 'दुखापत' एवढाच गुन्हा धरला आणि तीस रुपये दंड केला. हायकोर्टाला शिक्षा जरा हलकी वाटली, पण हरकत घ्यावी अशी वाटली नाही. १८७६ साली व्हाइसरॉय लिटनने जाहीर पत्रक काढून मॅजिस्ट्रेटवर ठपका ठेवला. एवढ्या गंभीर प्रकरणात ही शिक्षा नावापुरती आहे असं त्याचं म्हणणं होतं. हिंदुस्थानातले गोरे त्याच्यावर भयंकर चिडले. (हाच लिटन. दोनच वर्षांनी त्याने देशी वृत्तपत्रांचं तोंड बांधणारा कायदा आणला.) असं हे एकटं प्रकरण नव्हतं. नोकर, पंखेवाले, हमाल मरत आणि दरवेळी दोष पाणथरीचा निघे, इतका की देशी वृत्तपत्रांत फुटलेली पाणथरी हा कडवट विनोदाचा विषय झाला होता.

मला यातली गंमत कायद्याची वाटली. इंडियन पिनल कोड १८६० चा. सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली, २९९, पहिलंच स्पष्टीकरण असं की आधीपासून आजारी असलेल्या माणसाला इजा करून कुणी त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तर मृत्यू त्यानेच घडवला असं मानायचं. म्हणजे फुलरच्या वेळी हे छापून सोळा वर्षं झाली होती. पाणथरी कमजोर होती ही सबब कायद्याने आधीच निकालात काढली होती. पण मृत्यू कुणी घडवला याच्या पुढचा प्रश्न असतो, त्याला काय माहीत होतं? आणि इथे साहेब सुटायचा. त्याला काय माहीत, ह्याची पाणथरी सुजलीय? खरं तर त्या मुलखात हिवताप इतका होता की कुणाच्याही पोटात वाढलेली पाणथरी असू शकते हे घोडेवाल्यापासून सिव्हिल सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. माहीत नसणं ही सोय होती.

त्याच कलमाचं दुसरं स्पष्टीकरण मी बहुतेक शंभर वेळा वाचलं असेल. योग्य उपाय आणि कुशल उपचार मिळाले असते तर मृत्यू टळला असता, तरीही ज्याने इजा केली त्यानेच मृत्यू घडवला असं मानायचं. दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून हे लिहून ठेवलं होतं, जणू माझ्यासाठी. (आता नव्या न्याय संहितेत हे कलम १०० आहे. स्पष्टीकरणं तीच.) मी ते आमच्या वकिलांना वाचून दाखवलं. ते हसले. "हे फौजदारीचं. आपलं मोटार अपघात दाव्याचं आहे. पण तत्त्व चालेल, लिहू आपण." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही फार वाचता."

पहिल्या मुद्द्यावरची माझी स्थिती मात्र वाटते तितकी साफ नव्हती. वरवर मी दादाची प्लीहा धडधाकट होती हे सिद्ध करायला धडपडत होतो. आत कुठेतरी ती कमजोर निघावी असं मला वाटत होतं. कमजोर असती तर ती फुटणारच होती, कुणीही काहीही केलं असतं तरी. मग बाम चोळल्याने काही बिघडलं नसतं. विमा कंपनीला जी सबब हवी होती तीच मलाही हवी होती, आणि फुलरलाही तीच मिळाली होती. मी कुणाला मारलं नव्हतं हे मला कळतं. पण "मला काय माहीत" हे वाक्य तोंडात धरून तिघंही एकाच रांगेत उभे आहोत असं मला बरेच दिवस वाटत राहिलं.

उत्तर रिपोर्टमध्ये पहिल्या दिवसापासून होतं. १६० ग्रॅम. डॉक्टर मित्राला फोटो पाठवला. तो म्हणाला, "नॉर्मल आहे."

"पण रक्त निघून गेल्यावर वजन कमी भरत असेल ना?"

"थोडं. मलेरियाची वाढलेली स्प्लीन अर्धा किलो, कधी किलो भरते. ती लपत नाही. आणि लहानपणी वाढलेली नंतर परत जागेवर जाते. तुझ्या भावाची स्प्लीन चांगली होती." मग जरा थांबून, "तुला हे हवं होतं ना?"

मी हो म्हटलं.

मग मी त्याला दुसरं विचारलं. सात वाजता आणला असता तर? तो बोलायला तयार नव्हता. खोदून विचारल्यावर म्हणाला, सोनोग्राफीचं मशीन खाटेपाशी आणून पोटात चार ठिकाणी बघतात, पोटात रक्त आहे का हे काही मिनिटांत कळतं. पूर्वी प्लीहा फुटली की काढूनच टाकायचे, तिच्यावाचून माणसाचं अडत नाही असा समज होता. १९५२ साली किंग आणि शूमाकर या अमेरिकन डॉक्टरांनी दाखवलं की प्लीहा काढलेल्या लहान मुलांना पुढे जीवघेणे संसर्ग होतात, तेव्हापासून ती वाचवण्याकडे कल गेला. आता पेशंट स्थिर असेल तर पुष्कळदा पोट उघडतही नाहीत. आयसीयूत ठेवतात, नाडी, बीपी, हिमोग्लोबिन परत परत बघतात. लागलं तर रक्त देतात, धमनीतून नळी घालून वाहती रक्तवाहिनी बंद करतात. नाहीच थांबलं तर काढतात, आणि न्यूमोकोकस वगैरेच्या लसी देऊन घरी पाठवतात. "म्हणजे नुसतं बघत बसायचं?" मी विचारलं. "नुसतं नाही," तो म्हणाला. "काय बघायचं ते माहीत असावं लागतं."

आम्हीही बघतच बसलो होतो. टीव्ही चालू होता.

त्याने हेही सांगितलं की चीर मुळाशी होती, तिथे मोठ्या वाहिन्या असतात, अशा जखमा हॉस्पिटलातही दगावतात. हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं म्हणून, हे मी विचारलं नाही.

माझं प्रतिज्ञापत्र तयार झालं होतं. वकिलांनी सांगून ठेवलं होतं, विचारतील तेवढंच बोलायचं. उलटतपासणीत संध्याकाळी सात ते साडेअकरा काय झालं हे विचारणार हे उघड होतं. खांद्याचं सांगायचं की नाही हे मी ठरवलं नव्हतं. म्हणजे ठरवलं होतं, सांगायचं. पण त्याने वहिनींचे आणि लेकीचे पैसे कमी होणार असतील तर? तारखा पडत गेल्या. एकदा कंपनीचे वकील आले नाहीत, एकदा आमचे. मी दोनदा हाफ डे टाकून गेलो आणि कोर्टाबाहेर उसाचा रस पिऊन परत आलो. मग लोकअदालत आली. समोरून आकडा आला, काकांनी वकिलांकडे पाहिलं, वकिलांनी मान हलवली. मागितलं होतं त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. अर्ध्या तासात सह्या झाल्या. पाणथरी कमजोर होती का आणि नातेवाइकांनी हलगर्जीपणा केला का, दोन्ही प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. मला कुणी पिंजऱ्यात बोलावलं नाही.

त्या दिवशी मी घरीच थांबलो. रात्री वहिनी ओटीवर लेकीच्या वह्यांना कव्हरं घालत बसल्या होत्या. मी शेजारी बसून कागद कापून द्यायला लागलो. मग सांगितलं. खांद्याचं, जर्मन डॉक्टरचं, नस मानेतून येते ते, उताणं झाल्यावर का दुखत होतं ते. आपण तेव्हाच नेलं असतं तर, इथपर्यंत आलो आणि थांबलो.

वहिनींनी कव्हराची घडी अंगठ्याने दाबली.

"मला म्हाईतीय भाऊजी," त्या म्हणाल्या. "तेराव्याला तालुक्याच्या डॉक्टरीनबाई आल्या व्हत्या, त्यांना मी इचारलं, खांदा कशानं दुखत आसंल. त्यांनी सांगितलं."

तीन वर्षं झाली होती त्याला.

"मग तुम्ही बोलला नाहीत कधी."

"तुम्हाला काय बोलायचं?" त्यांनी पुढची वही ओढली. "बाम मीच काढून दिला व्हता की कपाटातनं."

आत आजी खोकली. वहिनींनी मला स्टिकरवर लेकीचं नाव घालायला सांगितलं, माझं अक्षर चांगलं आहे म्हणून. नाव, इयत्ता, तुकडी. वडिलांच्या नावाच्या रेघेवर मी पेन टेकवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"ल्ह्या की," त्या म्हणाल्या.